पेटी उघडण्याआधी दर दाखवा: ऑनलाइन गेमिंगचे नियम करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय,
नवी दिल्ली

विषय: मोबाईल गेममधल्या ‘रेअर’, ‘लेजेंडरी’, ‘मिथिक’ अशा दुर्मीळ दर्जाच्या वस्तूंची पैसे घेऊन जी सोडत काढली जाते, तिला नियमांत स्पष्ट जागा देण्याबाबत.

महोदय,

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आली, ई-स्पोर्ट्सला मान्यता मिळाली आणि करमणुकीच्या खेळांना वेगळा कप्पा मिळाला. रमीच्या आणि फँटसी क्रिकेटच्या ॲपमध्ये पैसे घालवणारी माणसं आमच्या गावांतही होती. त्यांच्या घरातल्या बायकांना या कायद्याने किती हायसं वाटलं ते मी पाहिलं आहे, आणि त्याबद्दल तुमचे आभार मानते. पण एक गोष्ट या तीन कप्प्यांच्या मधल्या फटीत राहून गेली. ती दिसायला करमणूक आहे, चालते सोडतीसारखी, आणि तिचं गिऱ्हाईक बहुतेक वेळा अठरा वर्षांच्या आतलं आहे. तिच्यासाठी हे पत्र.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात एका गावात सेवा केंद्र चालवते. दाखले, पीक विम्याचे अर्ज, पीएम किसानची ई-केवायसी, झेरॉक्स, रिचार्ज अशी कामं असतात. रात्री केंद्र बंद केल्यावर मी स्वतः मोबाईलवर बॅटल रॉयाल, म्हणजे शेवटपर्यंत जो टिकेल तो जिंकतो असा बंदुकांचा गेम, खेळते. माझा धाकटा भाऊ नागपूरला हिंगण्याच्या एमआयडीसीत कामाला आहे, मावसबहीण अकोल्याला नर्सिंग शिकते. आमचा स्क्वॉड रात्री साडेनऊला जमतो. म्हणून आधीच सांगते की मला गेमवर बंदी नको आहे. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाईल बंद झाला, जुलै २०२१ मध्ये त्याचाच भारतातला अवतार बीजीएमआय आला, जुलै २०२२ मध्ये तो ॲपच्या दुकानातून निघाला आणि २०२३ मध्ये परत आला. या सगळ्या काळात गावातल्या पोट्ट्यांनी खेळणं थांबवलं नाही. कुठूनतरी फाईल आणून टाकली, दुसरा गेम धरला. बंदीने सवय गेली नाही, फक्त ती घरच्यांच्या नजरेआड झाली.

वस्तूंना दर्जा असण्यातही मला काही गैर वाटत नाही. उलट खेळाची अर्धी मजा तिथेच आहे. सामना सुरू होतो तेव्हा शंभर जण रिकाम्या हाताने विमानातून उडी मारतात. कुणाला पहिल्या पातळीचं हेल्मेट मिळतं, कुणाला तिसऱ्या. तिसऱ्या पातळीचं हेल्मेट डोक्यावर असलं तर कार-९८ रायफलची एक गोळी डोक्यात बसूनही माणूस उभा राहतो, आणि एअरड्रॉपमधली, म्हणजे विमानातून टाकलेल्या पेटीतली, एडब्ल्यूएम रायफल समोरच्याच्या हातात असेल तर तेच हेल्मेट कामाला येत नाही. म्हणून आकाशातून लाल धुराची पेटी उतरताना दिसली की चारही दिशांनी गाड्या निघतात. ती पेटी दुर्मीळ आहे हे सगळ्यांना माहीत असतं, ती कुठे पडली हे सगळ्यांना दिसतं, आणि तिच्यापर्यंत पोचायला हिंमत लागते. सहा-सात हजारांच्या फोनवर खेळणारा शेतमजुराचा पोरगा आणि पुण्यातला महागड्या फोनवाला यांच्यात फोनच्या वेगाचा फरक असेल, पण त्या पेटीवर दोघांचा हक्क सारखा असतो. सामना संपला की दोघांचे हात पुन्हा रिकामे. दुर्मीळपणाचा हा वापर मला मनापासून आवडतो.

ही कल्पना काही मोबाईलवाल्यांनी काढलेली नाही. १९९३ मध्ये आलेल्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळात कॉमन, अनकॉमन, रेअर असे दर्जे होते. १९९८ पासून पत्त्यावरच्या खुणेला रंग आला: साध्याला काळा, मधल्याला चंदेरी, दुर्मिळाला सोनेरी. ‘डायब्लो’ या कॉम्प्युटर गेमने तलवारी-चिलखतांना रंग दिले, आणि २००४ च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने राखाडी, पांढरा, हिरवा, निळा, जांभळा, केशरी ही उतरंड इतकी रुळवली की आज अनेक गेम थोड्याफार फरकाने तीच वापरतात. तिथे केशरी तलवार मिळवायला चाळीस-चाळीस माणसांच्या टोळ्या आठवडेच्या आठवडे राबायच्या. तो रंग त्या मेहनतीची खूण होता.

आता हेच रंग दुकानात गेले आहेत, आणि दुकानात त्यांचा अर्थ पालटला आहे.

सोडत कशी चालते ते इथे सांगते, कारण नियम लिहिणाऱ्यांपैकी सगळेच हे गेम खेळत असतील असं मी धरून चालत नाही. आधी रुपये देऊन गेमचं चलन घ्यायचं. कुठे त्याला यूसी म्हणतात, कुठे डायमंड. त्या चलनाने पेटी उघडायची किंवा चाक फिरवायचं. सर्व्हरवर एक तक्ता असतो. त्यात आधी रंग निघतो आणि मग त्या रंगातली वस्तू निघते. लाल रंग निघण्याची शक्यता छापलेली असली तरी तुमच्या मनातली लाल वस्तू निघण्याची शक्यता त्याहून कमी असते, कारण त्या रंगात तीन-चार वस्तू असतात. पडद्यावर चाक हळूहळू थांबतं, लाल घराच्या अगदी शेजारी येऊन अडतं, आणि पोरगं ओरडतं, “थोडक्यात हुकलं!” थोडक्यात काही हुकलेलं नसतं. निकाल सर्व्हरने आधीच दिलेला असतो. चाकाचं फिरणं नंतर दाखवलं जातं. आधी मिळालेली वस्तूच पुन्हा निघाली तर तिचे तुकडे किंवा चांदी असं काहीतरी हातात ठेवतात, ज्याचं पुन्हा वेगळं दुकान असतं. रुपयाचे डायमंड, डायमंडचं कूपन, कूपनचे तुकडे. तीन पायऱ्या उतरल्यावर आपले किती रुपये गेले याचा हिशेब मोठ्या माणसालाही लागत नाही. मी दिवसभर आकडेच भरते, तरी मला कागद घ्यावा लागतो.

‘मॅजिक’च्या खेळातला छापील पत्ता दुर्मीळ असतो तेव्हा छापखान्याने तो कमी छापलेला असतो, तो खरोखर मोजका असतो. गेममधला लाल पोशाख कमी बनवलेला नसतो. कंपनीने ठरवलं तर एका रात्रीत तो प्रत्येक खेळाडूच्या खात्यात जाऊ शकतो, आणि त्यासाठी तिला जवळजवळ काहीच खर्च येणार नाही. त्याचा दुर्मीळपणा म्हणजे तक्त्यातला एक आकडा आहे. तो आकडा कंपनी लिहिते, कंपनीच बदलते. रंगांनाही कुठे ठरलेला अर्थ नाही. एका गेममध्ये केशरी सर्वांत वरचा, दुसऱ्यात लेजेंडरी गुलाबी आणि त्याच्यावर लाल मिथिक, तिसऱ्यात लालच्याही वर सोनेरी. वरचा दर्जा बऱ्याच जणांकडे आला की त्याच्या डोक्यावर नवा दर्जा चढवतात. पत्त्यांच्या त्या खेळातही २००८ मध्ये रेअरच्या वर ‘मिथिक रेअर’ आला होता. मागच्या वर्षी लेजेंडरी मिळवलेला पोरगा यंदा पुन्हा खालच्या पायरीवर उभा असतो.

आमच्याकडे प्रतवारी ही काय चीज आहे हे कास्तकाराला शिकवावं लागत नाही. कापूस घेऊन यार्डात गेलं की धाग्याची लांबी पाहतात, मायक्रोनेअर म्हणजे धाग्याचा बारीकपणा पाहतात, ढिगात मीटर खुपसून ओलावा पाहतात. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीत ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की दर कापतात आणि बाराच्या वर गेला की गाडी परत पाठवतात. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याचा हमीभाव ७,७१० रुपये आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये क्विंटल आहे. या प्रतवारीवर आमची माणसं भांडतात. मीटर चुकीचा आहे म्हणतात, वरचा कापूस नका पाहू, खालून काढून पाहा म्हणतात, कधी गाडी वळवून दुसऱ्या जिनिंगवर नेतात. त्यांना भांडता येतं, कारण प्रत कापसात असते. ती मोजता येते, दुसऱ्याकडून पुन्हा मोजून घेता येते, आणि सौदा होण्याआधी ती कळते. गेममधल्या पेटीचं उलट आहे. पैसे आधी द्यायचे, प्रत नंतर कळणार, ती ठरवणारा आणि विकणारा एकच, आणि त्याचं मोजमाप तपासायला कुणी नाही. आमच्या बाजार समितीत असा सौदा कुणी मांडला तर कास्तकार त्याला उभं राहू देणार नाहीत. मग तोच सौदा त्यांच्या पोरांशी कसा चालतो?

आकड्यांचं एक उदाहरण देते, कारण आकडे बाहेर आले की चित्र किती बदलतं ते त्यातून दिसतं. चीनच्या सरकारने १ मे २०१७ पासून सोडतीतल्या शक्यता जाहीर करायला लावल्या. तेव्हा ‘काउंटर-स्ट्राइक’ हा बंदुकांचा गेम तिथे चालवणाऱ्या कंपनीला आपल्या पेट्यांचे आकडे द्यावे लागले: निळा ७९.९२ टक्के, जांभळा १५.९८, गुलाबी ३.२, लाल ०.६४ आणि सोनेरी ०.२६. म्हणजे सोनेरी वस्तू सरासरी ३८५ पेट्यांमागे एक. सरासरी हा शब्दही फसवा आहे. ३८५ पेट्या उघडणाऱ्या शंभर जणांपैकी सुमारे ३७ जणांना त्यानंतरही सोनेरी मिळालेलं नसतं. पेटी उघडायला जी किल्ली विकत घ्यावी लागते ती २.४९ डॉलरची. डॉलर ८५ रुपये धरला तरी ३८५ किल्ल्यांचे ८१ हजारांच्या वर होतात. लांब धाग्याचा दहा क्विंटल कापूस हमीभावाने विकला तर जेवढे येतात, जवळपास तेवढे. आमच्या कोरडवाहू जमिनीत ते दोन-तीन एकरांचं पीक आहे, आणि त्यातून अजून बियाणं, खत, फवारणी, वेचणी काहीच वजा केलेलं नाही. एक किल्ली म्हणजे बाईने वावरात वाकून केलेली वीस-पंचवीस किलोची वेचणी.

हे वाचून कुणी म्हणेल, गावातली पोरं कुठे एवढ्या पेट्या उघडतात! नाही उघडत. ती थोड्या उघडतात आणि त्यांना काहीच मिळत नाही. शंभर-दोनशे रुपयांत निळं निघतं, पुन्हा निळं निघतं, फार तर जांभळं. खालच्या रंगांचा ढीग अशाच छोट्या गिऱ्हाइकांच्या पैशावर उभा असतो.

माझ्या केंद्रात पोरं रोख घेऊन येतात. “ताई, गेमच्या डायमंडचा कोड काढून देता का?” अठराच्या आतल्या पोरांना मी कोड काढून देत नाही, मग ती पुढच्या गावात जातात. दिवाळीनंतर वेचणी जोरात असते तेव्हा अशी गर्दी वाढते, कारण शाळेला सुट्टी असली की पोरंही आईसोबत वेचायला जातात आणि आई त्यातले दहा-वीस रुपये त्यांच्या हातावर ठेवते. एका गिऱ्हाइकाचं दुःख मात्र माझ्या मनातून जात नाही. ते नेमाने पासबुक घेऊन येतात, कारण त्यांना अक्षरं लागत नाहीत आणि किसान सन्मानचा दोन हजारांचा हप्ता जमा झाला का ते मीच वाचून सांगते. त्या दिवशी हप्ता जमा झालेला होता आणि त्याच्याखाली शंभराच्या आतल्या, दोनशेच्या आतल्या रकमा ओळीने वजा झालेल्या होत्या. “हे कायचे पैसे कटले वं ताई?” म्हणून विचारत होते. नववीतला पोरगा बाजूला उभा होता, त्याची मान खाली गेली तेव्हा मला कळलं. फोन बापाच्या नावावर, सिमकार्ड बापाचं, यूपीआयचा पिन पोरानेच बापाला लावून दिलेला. गेममध्ये जन्मसाल बापाचं. कागदोपत्री तो सगळा खर्च एका पंचेचाळीस वर्षांच्या शेतकऱ्याने केलेला होता. त्या गेमचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण माझं म्हणणं एका कंपनीपुरतं नाही. त्या पोराला त्या पैशांतून काय मिळालं, तेही मी विचारलं. एकच जांभळं जॅकेट. दोनदा.

त्याने हे का केलं, तेही ऐकून घ्या. शाळेतल्या पोरांच्या स्क्वॉडमध्ये ज्याच्या अंगावर साधे कपडे असतात त्याला ‘बॉट’, म्हणजे कॉम्प्युटरने चालवलेला कच्चा खेळाडू, म्हणतात, लॉबीतून काढून टाकतात. “याले कोण घेतलं रे टीममधी?” अशी वाक्यं मी कानांनी ऐकली आहेत. गावात ज्याच्या पायात चप्पल फाटकी आहे त्याला गेममध्ये तरी कुणी वेगळं ओळखणार नाही, असं पूर्वी होतं. आता तिथेही रंग पाहतात. कंपन्यांचा ठरलेला बचाव असतो की या वस्तू फक्त दिसण्यापुरत्या आहेत, त्याने खेळात फरक पडत नाही. सगळीकडे हेही खरं नाही. फ्री फायरमध्ये बंदुकांच्या स्किनबरोबर, म्हणजे वरच्या सजावटीबरोबर, मारा, गोळ्यांचा वेग, रीलोड असे गुणही वाढतात किंवा घटतात, आणि ते स्किनवर खुणांनी लिहिलेलं असतं. पण समजा फक्त दिसण्यापुरतं असलं, तरी चौदा वर्षांच्या मुलाला दिसणं ही छोटी गोष्ट वाटत नाही. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे. लाल वस्तू निघाली की नाव सगळ्यांच्या पडद्यावर झळकवतात ते त्यासाठीच.

आता कायद्याकडे येते. तुमच्या २०२५ च्या कायद्यात ‘इतर पण’ (म्हणजे डावावर लावलेलं इतर काही) या शब्दांत पैशाने विकत घेतलेली नाणी, क्रेडिट, टोकन, वस्तू हे सगळं आलेलं आहे, मग ते खरं असो की आभासी. त्यामुळे यूसी आणि डायमंड त्यात बसतात असं मला वाटतं. अडतं ते पुढे. जिंकलेल्या वस्तूला ‘पैशाचा आणि अन्य लाभ’ मानायचं का, यावर कंपन्यांचे वकील म्हणतील की लाल पोशाख विकून पैसे करता येत नाहीत, म्हणून तो लाभ नाही. ज्या गेममध्ये वस्तूंचा उघड बाजार आहे तिथे हे म्हणणं टिकत नाही. जिथे तसा बाजार नाही तिथे पोरं अख्खी आयडी, म्हणजे गेममधलं आपलं सगळं खातंच, विकतात. आमच्या तालुक्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लाल पोशाख किती आहेत यावरून आयडीचा भाव सांगतात. आणि विकता येवो न येवो, कायद्यात ‘अन्य लाभ’ हे शब्द उगाच आलेले नसणार. ते कुठवर लागू आहेत हे तुम्ही नियमांत स्पष्ट लिहा. तुम्ही लिहिलं नाही तर ते न्यायालयात ठरायला वर्षं जातील, आणि आज नववीत असलेली पोरं तोवर बाप झालेली असतील.

सोडत म्हटली की आपल्या देशात तिचे नियम आधीपासून आहेत. महाराष्ट्राची राज्य लॉटरी १९६९ पासून चालू आहे. १९९८ च्या केंद्रीय लॉटरी कायद्यात लिहिलं आहे की सोडत राज्याने स्वतः काढायची, ती राज्याच्या हद्दीत काढायची, तिकिटावर राज्याची मुद्रा हवी, आणि एका लॉटरीची सोडत आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा काढायची नाही. राज्य सरकारच्या लॉटरीला, ज्याचं तिकीट मोठी माणसं घेतात, आठवड्याला एकच सोडत. आणि बाहेरच्या देशात बसलेल्या कंपनीच्या चाकावर सातवीतल्या मुलाला दहा फिरक्या एकत्र मारायचं बटण, वर ‘एकत्र घेतल्यास सवलत’. या दोन गोष्टी एकाच देशात शेजारी-शेजारी कशा राहू शकतात, हे मला खरोखर समजत नाही. शिवाय १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाला करार करता येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात खोटी घाई लावणं हा प्रकार नावानिशी आहे. ‘ऑफर संपायला दोन तास’ असं घड्याळ लावायचं आणि तीच पेटी पुढच्या महिन्यात पुन्हा आणायची, यावर त्या सूचनांचा धाक मला कुठे दिसत नाही.

बाकीच्या देशांनी काय केलं ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत असेल, म्हणून थोडक्यात लिहिते. जपानने २०१२ मध्ये सोडतीतल्या वस्तूंचा संच पूर्ण केला तरच बक्षीस देण्याचा प्रकार बंद करायला लावला. बेल्जियमच्या नियामकाने २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगार ठरवलं. दक्षिण कोरियात मार्च २०२४ पासून शक्यता जाहीर करणं कायद्याने बंधनकारक आहे. मला सर्वांत जवळचं वाटतं ते अमेरिकेतलं जानेवारी २०२५ चं प्रकरण. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’च्या कंपनीने तिथल्या व्यापार आयोगाशी २ कोटी डॉलरवर तडजोड केली, आणि तीत सोळा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या संमतीशिवाय पेट्या विकायच्या नाहीत, शक्यता आणि चलनाचे दर उघड सांगायचे, आणि थेट खऱ्या पैशात घेण्याचा पर्याय ठेवायचा, असं ठरलं. आमच्या केंद्रावर जे दुखणं रोज दिसतं, त्याच्या मुळाशी हीच तडजोड गेलेली आहे. आणि या कंपन्यांना हे जमत नाही असंही नाही. ‘फोर्टनाइट’च्या सहकारी खेळात जानेवारी २०१९ पासून पेटीत काय आहे ते विकत घेण्याआधी दिसू लागलं. ‘रॉकेट लीग’ने २०१९ च्या डिसेंबरात पेट्याच बंद केल्या. दोन्ही गेम आजही चालू आहेत.

म्हणून माझी मागणी अशी आहे. खेळून मिळणाऱ्या दुर्मीळ वस्तूंना हात लावू नका. त्या कितीही दुर्मीळ असू द्या. पैसे किंवा पैशाने घेतलेलं चलन देऊन ज्या वस्तूचा दर्जा नशिबाने ठरतो, त्या सोडतीला मात्र नियमांत नावानिशी लिहा आणि अठराखालच्या खात्यांना ती बंद करा. संमतीच्या खुणेवर भागवू नका. बीजीएमआयमध्ये अठराखालच्या मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आणि ७,००० रुपयांची खर्चमर्यादा ठेवली आहे. तीन तासांचं मी स्वागत करते. पण दिवसाला सात हजार हा आकडा कुठल्या घराकडे पाहून ठरवला, असा प्रश्न पडतो. किसान सन्मानचे वर्षाचे सहा हजार येतात. ही मर्यादा कंपनीवर न सोडता तुम्ही ठरवा, आणि खातं बापाच्या नावाने असलं तरी मुलाच्या वयाची चौकशी पैसे जाण्याच्या वेळी होईल असं काही करा. ते तंत्र कसं बसवायचं हे तुमच्याकडच्या जाणकारांना कळेल.

मोठ्यांसाठी सोडत ठेवायची असेल तर फिरकीच्या बटणाशेजारीच, त्याच अक्षरांत, तीन गोष्टी लिहायला लावा: एका फिरकीचे रुपये किती, हवी ती नेमकी वस्तू निघण्याची शक्यता किती (नुसत्या रंगाची नव्हे), आणि ती खात्रीने मिळेपर्यंत जास्तीत जास्त किती रुपये लागू शकतात. हे मराठीत हवं. ॲपलने डिसेंबर २०१७ पासून आणि गुगलने २०१९ पासून शक्यता जाहीर करण्याचा नियम केलेला आहे, पण कोपऱ्यातल्या प्रश्नचिन्हामागे इंग्रजीत दिलेला तक्ता आमच्या इथे कुणी उघडत नाही, उघडला तर वाचता येत नाही. शक्य असेल तिथे तीच वस्तू थेट किमतीत घेण्याची सोय सक्तीची करा. लाल पोशाख दोन हजारांना म्हणा. ज्याला परवडेल तो घेईल, ज्याला नाही तो बापाकडे मागेल आणि बाप नाही म्हणेल. त्यात फसवणूक राहत नाही.

तक्त्यातले आकडे खरे आहेत का हे तपासणारं कुणीतरी हवं. कोरियात जानेवारी २०२४ मध्ये ‘मेपलस्टोरी’च्या कंपनीला शक्यता गुपचूप बदलल्याबद्दल तिथल्या आयोगाने ११ अब्ज वॉनहून जास्त दंड केला. मोठी, नावाजलेली कंपनी असं करू शकते, म्हणजे केवळ छापील आकड्यावर विश्वास टाकून चालणार नाही. कापसाच्या काट्याची तपासणी वजनमापवाले करतात, तशी या तक्त्याची तपासणी तुमच्या कायद्यातल्या ऑनलाइन गेमिंग प्राधिकरणाने करावी.

शेवटची गोष्ट पैसे परत मिळण्याची. माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने २४ तासांत पोच द्यायची आणि ठरलेल्या मुदतीत निकाल लावायचा. त्या पासबुकवाल्या काकांसाठी मी ती तक्रार इंग्रजीत लिहून पाठवली. उत्तर आलं, ते ठरावीक साच्याचं होतं, की खातेदार प्रौढ असल्याने व्यवहार वैध आहे. त्यापुढे जायला आम्हाला वाट नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर अशा तक्रारींसाठी वेगळा प्रकार ठेवा, गावच्या सेवा केंद्रातून ती मराठीत भरता येईल असं करा, आणि मुलाने खर्च केल्याचं शाळेच्या दाखल्यावरून दिसलं तर ठरलेल्या मुदतीत पैसे परत देण्याचं बंधन कंपनीवर घाला.

या विषयावर नियमांचा मसुदा काढाल तेव्हा तो मराठीतही काढा आणि हरकती-सूचनांना पुरेसे दिवस द्या, शक्यतो वेचणीच्या हंगामात नको. प्रत मिळाली की मी ती केंद्राच्या दारावर लावीन आणि गावातल्या पालकांच्या, पोरांच्याही सूचना भरून तुमच्याकडे पाठवीन. अर्ज भरणं हेच माझं रोजचं काम आहे, त्याचे मी पैसे घेणार नाही.

आपली,
एक सेवा केंद्रचालक आणि खेळाडू
ता. दारव्हा, जि. यवतमाळ